शनिवारची गैरहजेरी

विट्याच्या पुढं, खानापूर तालुक्यातल्या एका मोठ्या गावातलं माध्यमिक विद्यालय. महिन्यातून दोनदा मी तिथं समुपदेशक म्हणून जातो. 2024-25 च्या शैक्षणिक वर्षात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नववीच्या वर्गशिक्षिकेनं एका कागदावर एक नाव लिहून तो माझ्यापुढं सरकवला. नावाखाली तीनच शब्द होते: मावा (म्हणजे तंबाखू-सुपारीचा)? पैसे? संगत? तिन्ही शब्दांपुढं तिनं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. बाकीच्या स्टाफरूमनं ती प्रश्नचिन्हं केव्हाच पुसली होती.

मुलाला घरी सोन्या म्हणतात. इथंही तेच नाव ठेवतो. आमच्याकडं दर दुसऱ्या घरात एक सोन्या असतोच, त्यामुळं ओळख पटायची भीती नाही. बाकी काही खुणाही मुद्दाम बदलल्या आहेत. वय चौदा. आठवीपर्यंत बरा, वर्गात मागून तिसऱ्या बाकावर, कबड्डीत पहिला. नववीत आल्यापासून मधल्या सुट्टीनंतर वर्गात नसायचा, घटक चाचणीत गणित आणि विज्ञान दोन्ही गेले, आणि एकदा वर्गशिक्षिकेला त्यानं सरळ सांगितलं, "मॅडम, मला शाळा नको. मी आण्णांकडं जातो."

आण्णा म्हणजे वडील. ते तामिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या दुकानात. खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं दुष्काळानं बाहेर पडली आणि देशभर सोन्याचांदीच्या गलाईत पसरली, हे इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय, द्राक्ष-डाळिंब उभं राहिलंय, तरी घरातला एक तरी माणूस भट्टीवर असतोच. त्यामुळं पोरगा शाळा सोडून दुकानावर जातो म्हणाला, तर गावाला त्यात आक्रीत वाटत नाही. शाळेलाही फारसं वाटत नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता. नववीतलं पोर गेलं की दाखला लिहून द्यायचा, विषय संपला.

पहिल्या भेटीत मी जे केलं ते लिहिताना आजही लाज वाटते. स्टाफरूमचा कागद माझ्या डोक्यात होता. दोन-चार इकडचे तिकडचे प्रश्न झाले आणि मी म्हणालो, "तोंड उघड बघू." मावा खाणाऱ्या पोराच्या गालाची आतली बाजू लगेच कळते. त्यानं उघडलं. दात स्वच्छ, गाल स्वच्छ, जीभ गुलाबी. मग त्यानं ते तोंड मिटलं, ते पुढच्या भेटीतही उघडलं नाही. समुपदेशक म्हणून बारा वर्षं काढलेल्या माणसानं पोलिसपाटलासारखी झडती घेतली होती.

दुसऱ्या भेटीत तो बोलेना म्हणून मी हजेरीचा कॅटलॉग मागून घेतला आणि एकटाच बसलो. जून, जुलै, ऑगस्ट. गैरहजेरीच्या खुणा बोटानं मोजत गेलो तर त्या एका सरळ रेषेत खाली उतरत होत्या. शनिवार, शनिवार, शनिवार. इतर दिवशी सकाळच्या हजेरीला असायचा, दुपारी गायब. शनिवारी मुळात यायचाच नाही.

"शनिवारी तालमीत जात असेल," वर्गशिक्षिका म्हणाली. म्हणून संध्याकाळी तालमीत गेलो. वस्ताद हौद्यातली माती ओली करत होते. म्हणाले, "बेंदरापासनं आला न्हाई. अंगानं चांगला हुता ओ सर. पर लंगोट लावायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं."

इथं मी शहाणा असतो तर मला कळायला हवं होतं. शनिवारी सकाळची शाळा असते, पांढरा गणवेश असतो आणि मैदानावर सामुदायिक कवायत असते. तालमीत अंगावर फक्त लंगोट. मधल्या सुट्टीत सगळी पोरं एका रांगेत मुतारीवर. तिन्ही ठिकाणी शरीर दिसतं. पण त्या संध्याकाळी मला यातलं काही सुचलं नाही. मी परतीच्या एसटीत 'शनिवार, लंगोट, पोटदुखी' असं डायरीत लिहिलं आणि झोपलो.

तिसरी भेट गणपतीनंतरची. त्या दिवशी मी शाळेबद्दल एक शब्द काढायचा नाही असं ठरवूनच गेलो. प्रयोगशाळेत बसलो, कारण तिथं दार लोटता येतं. म्हटलं, "गलाईत नेमकं करतात काय? मला खरंच माहीत नाही." आणि पोरगा खुलला. उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना वडिलांकडं राहून आला होता. जुने दागिने कसे मुशीत घालतात, भट्टी कशी फुंकते, तेजाब ओतल्यावर पिवळा-तांबूस धूर कसा उठतो आणि तेव्हा श्वास कसा धरून ठेवायचा, सगळं सांगायला लागला. मूस सांडशीनं उचलताना अंगापासून लांब धरायची असते. ते दाखवायला त्यानं दोन्ही हात पुढं ताणले, खांदे वर घेतले, आणि शर्टाच्या आतून काहीतरी टेबलावर पडलं. टिक.

बोटाच्या पेराएवढी ॲल्युमिनियमची क्लिप, दोन्ही टोकांना बारीक दात. पाय मुरगळल्यावर क्रेप बँडेज बांधतात, त्याची. आम्ही दोघंही तिच्याकडं बघत राहिलो. मी विचारलं, "पाय दुखतोय का?"

"न्हाई."

बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी घंटा दिली. मग म्हणाला, "छातीला बांधलंय."

पुढचं सगळं एका दमात आलं नाही, दोन-तीन भेटींत तुकड्यातुकड्यांनी आलं. इथं सलग मांडतो. मागच्या दिवाळीपासून एका बाजूच्या स्तनाग्राखाली गाठ आल्यासारखं वाटायला लागलं, हात लागला की दुखायचं. मग दुसऱ्या बाजूलाही. उन्हाळ्यात विहिरीवर पोहताना पोरांच्या नजरेत आलं. त्यांनी त्याचं नाव 'ताई' ठेवलं. शाळा सुरू झाल्यावर मुतारीच्या रांगेत तिघंजण मागून येऊन चिमटा काढायचे. तिथं मध्ये आडोसा नव्हता, नुसती लांब भिंत आणि खाली पन्हाळी. तो सकाळपासून पाणी प्यायचं बंद झाला, म्हणजे मग जावं लागणार नाही. नाहीच राहवलं तर मधल्या सुट्टीत मागच्या उसात जायचा आणि तिथून घर गाठायचा. घरी आज्जी आणि चुलता-चुलती. आई धाकटीला घेऊन वडिलांकडं. आज्जीच्या नजरेला पडलं तेव्हा तिनं हळद-तेल लावून चोळलं, आणि चोळल्यानं जास्तच सुजलं. मग त्यानं स्वतः मेडिकलमधून बँडेज आणलं. रोज सकाळी अंघोळीनंतर बांधायचं, रात्री सोडायचं.

आणि आण्णांकडं जायचं कशासाठी? त्यानं यूट्यूबवर बघितलं होतं की याचं ऑपरेशन असतं. वहीचं शेवटचं पान काढून दाखवलं. ऑपरेशनचा आकडा, दुकानावर सुरुवातीला महिन्याला मिळतील ते पैसे, घरी पाठवायचे, हातात राहायचे, आणि शेवटी महिन्यांची संख्या, दोनदा अधोरेखित. गणितात गेलेल्या पोराचा तो हिशेब मी तपासला. बरोबर होता.

वैद्यकीय भाग थोडक्यात. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येताना शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचा तोल काही काळ ढळतो आणि मुलग्याच्या छातीतली स्तनग्रंथी थोडी वाढते. साधारण निम्म्या मुलग्यांना हे कमी-जास्त प्रमाणात होतं, तेरा-चौदाव्या वर्षी सर्वांत ठळक असतं, आणि बहुतेकांचं दोन वर्षांच्या आत आपोआप उतरतं. नुसत्या चरबीमुळं छाती दिसणं वेगळं आणि ग्रंथी वाढणं वेगळं. तो फरक हातानं तपासल्यावर डॉक्टरांना कळतो. क्वचित मागं दुसरं कारण असतं, म्हणजे काही औषधं, थायरॉईड किंवा यकृताचा आजार, अंडकोषांची वाढ कमी असणं. त्यामुळं 'होईल कमी' म्हणून घरच्या घरी सोडून द्यायचं नाही, एकदा दाखवायचंच.

त्याच्या परवानगीनं आईला फोन केला. आई रडली नाही, चिडली: "मला का न्हाई सांगितलं त्यानं?" चुलता त्याला सांगलीच्या सिव्हिलला घेऊन गेला. तपासणीच्या वेळी मी नव्हतो, आणि नसायलाच हवं होतं. नंतर चुलत्यानं सांगितलं ते असं. डॉक्टरांनी आधी पोराला विचारलं, 'काका इथं थांबू दे की बाहेर?' मग पट्टी त्यालाच सोडायला लावली. पट्टीखाली घामानं सगळी कातडी लाल झाली होती, खाज सुटून खरवडलेली. वाढ वयाप्रमाणं, दुसरं कारण नाही, औषध नको. खाजेवर मलम, पट्टी बंद, सहा महिन्यांनी परत दाखवा. सोन्यानं शर्टाची बटणं लावत विचारलं, "म्हंजे मी पोरगाच हाय न्हवं?"

डॉक्टर म्हणाले, "हे पोरग्यांनाच होतं रे. म्हणून तर ह्याला नाव आहे."

चुलता हे सांगताना दुसरीकडं बघत होता. दहा महिने पोर त्याच्याच घरात जेवत होतं.

आता शाळा. मला विचाराल तर प्रकरण इथंच खरं सुरू झालं, कारण डॉक्टरांचं काम एका दुपारीत झालं होतं आणि शाळेचं वर्षभर चाललं.

मी हेडसरांना सांगितलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पोरापोरांतली मस्करी आहे ती." माणूस वाईट नाही. पण हेच एखाद्या मुलीबाबत कळलं असतं तर त्यांनी त्याच मिनिटाला दार लावून घेतलं असतं आणि फोन उचलला असता. मी त्यांना एवढंच म्हणालो की 2012 च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात, बालक म्हणजे अठरा वर्षांखालची कोणीही व्यक्ती, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. त्यावर ते सरळ बसले. कायद्याला तिथं लैंगिक हेतू लागतो. आम्ही चिमटे काढणाऱ्या त्या तिघांच्या वागण्याची माहिती वेगवेगळी घेतली, सोन्याच्या आईशी आणि शाळेच्या समितीशी बोललो, आणि हेतू अपमानाचा होता या मताला आलो. त्या मताबद्दल मी आजही पुरता निश्चिंत नाही. पण ते लेखी नोंदवलं, मस्करी म्हणून सोडलं नाही.

समितीचीही गंमत आहे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती असते. तिचं काम सगळ्या मुलामुलींसाठी आहे. पण नावातच सखी आणि सावित्री, त्यामुळं मुलग्यांना ती आपली वाटतच नाही. नववीच्या वर्गात मी विचारलं तर एकजण उठून म्हणाला, "ती पोरींची हाय सर." तक्रारपेटी आहे, पण ती हेडसरांच्या दारासमोर. चिठ्ठी टाकायला जाणारा पोरगा साऱ्या स्टाफरूमला दिसतो. वर्षातून एकदा परिचारिका येते आणि आठवी-नववीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलते, फार चांगलं बोलते. त्या तासाला मुलग्यांना काय? चेंडू. मैदानावर पाठवून देतात.

मुलींचं काढून मुलग्यांना द्या, असं मी म्हणत नाहीये. तो वाद घालणाऱ्यांशी मला देणंघेणं नाही. पण या भागातली शाळा मुळात मुलग्यांच्या वसतिगृहांभोवती वाढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग उभं केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्यामुळं असेल, शाळा ही मुलग्यांचीच आहे, तिथं त्यांना काय त्रास असणार, असं आपण धरून चालतो. युनेस्कोनं 2022 साली मुलग्यांच्या शाळेपासून तुटण्यावर जागतिक अहवाल काढला. त्या वेळी जगात शाळेबाहेर असलेल्या मुलांत 13 कोटी 20 लाख मुलगे होते, आणि कारणांत मजुरी होती, मार होता, 'पुरुषानं असं असावं' याचं ओझं होतं. आपल्या दहावीचा 2025 चा निकाल घ्या: मुली 96.14 टक्के, मुलगे 92.31. दरवर्षी बातमी येते, 'यंदाही मुलींची बाजी'. उरलेले मुलगे कुठं अडकले, त्याची बातमी होत नाही.

तर केलं काय? सगळ्यात आधी शनिवार. सोन्याला एकट्याला सूट दिली असती तर ती त्याच्या पाठीवर चिकटवलेली पाटीच झाली असती. म्हणून मागणी केली की शनिवारी सगळ्यांनीच रोजचा निळा-खाकी गणवेश घालावा. खेळाच्या शिक्षकांनी विरोध केला. पांढऱ्या गणवेशात कवायत शोभते, हा त्यांचा मुद्दा. दोन बैठका त्यात गेल्या. शेवटी तडजोड अशी झाली की पांढरा गणवेश 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला, इतर शनिवारी नाही. शिंप्याकडं नुकतेच पैसे दिलेल्या दोन पालकांनी मला रस्त्यात गाठलं, ते वेगळंच.

मुतारीत फरशीचे आडोसे घालायचे ठरले. एक पालक गवंडी आहेत, त्यांनी दोन रविवारी येऊन शहाबादी उभ्या करून दिल्या आणि मजुरी घेतली नाही. मधल्या सुट्टीत तिथं एक शिक्षक उभा राहील असं ठरलं. ते पहिले तीन आठवडे पाळलं गेलं.

त्या तिघांचं काय करायचं, यावर खेळाच्या शिक्षकांचा उपाय तयार होता: "माझ्याकडं द्या, एका तासात सरळ करतो." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत, हे त्यांना माहीत होतं. प्रश्न कायद्याचा नव्हताच. ज्या पोरानं अपमान करायला शिकलंय, त्याला सगळ्यांपुढं अपमान करून काय शिकवणार? तिघांना वेगवेगळं बोलावलं. त्यांतला म्होरक्या वर्गात सगळ्यांत बुटका, आवाज अजून पोरकट, ओठावर लव नाही. त्याला मी सोन्याचं काही सांगितलं नाही. वयात येण्याचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं असतं, कुणाचं लवकर, कुणाचं सोळाव्या वर्षीही चालू असतं, एवढंच बोललो. तो खिडकीकडं बघत ऐकत राहिला. उठताना म्हणाला, "मग मी असाच ऱ्हाणार न्हाई म्हणा की." मला वाटतं तोही वर्षभर तेच विचारायला कुणीतरी शोधत होता. त्याच्या बापानं मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन दंगा केला की माझ्या पोराला आरोपी केलं. तो माणूस अजून माझ्याशी बोलत नाही.

मग मुलग्यांचा तास. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. सरकारी दवाखान्यांत त्याची मैत्री क्लिनिकं आहेत. पण गावातलं एकही पोर तिथं आपण होऊन गेलेलं मला माहीत नाही. म्हणून डॉक्टरांनाच शाळेत आणलं. आठवी-नववीचे फक्त मुलगे, शिक्षक बाहेर, दार बंद. आधी सगळ्यांनी चिठ्ठी लिहायची, ज्याला काही विचारायचं नाही त्यानंही 'काही नाही' लिहून घडी घालायची, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या जमा.

मिशी कधी येते. आवाज फाटला की गाणं कायमचं जातं का. रात्री चड्डी ओली होते, हा रोग आहे का. एका पोरानं लिहिलं होतं, 'बाबा दारू पितात तेव्हा मी कुठं जायचं.' त्याला डॉक्टर उत्तर देणार नव्हते, मला द्यायचं होतं. मी वर्गाला मुलांच्या मदतीचा फोन नंबर 1098 आणि मानसिक आरोग्याच्या टेली मानसचा 14416 फळ्यावर लिहून दिले आणि पुढच्या भेटीची वेळ सांगितली. आणि चार चिठ्ठ्या छातीच्या होत्या. सोन्या धरून चार की सोडून चार, ते मी शोधलं नाही. अक्षर ओळखायचा मोह झाला, आवरला. डॉक्टरांनी ते उत्तर सगळ्यांत सावकाश दिलं. निम्म्या पोरांना होतं, असं ते म्हणाले तेव्हा वर्गात एक विचित्र शांतता होती; प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याला मनात मोजत असावा.

सोन्या ऑक्टोबरपासून शनिवारी यायला लागला. सलग नाही, दिवाळीनंतर दोन आठवडे परत दांडी होती, तेव्हा कुणीतरी पुन्हा 'ताई' म्हटलं होतं. वर्गशिक्षिकेनं त्याच दिवशी मला फोन केला. हा फोन म्हणजे माझ्या हिशेबी या प्रकरणातली सगळ्यात मोठी कमाई, कारण ऑगस्टमध्ये तीच बाई मला कागद सरकवून गप्प बसली होती. तालमीत तो परत गेला नाही. वस्तादांनी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः घरी जाऊन आले. पोरगा कबड्डीवर खूश आहे, कबड्डीत बनियन असतो. वस्तादांना ते पटलेलं नाही.

वडील चैत्रात यात्रेला आले तेव्हा शाळेत आले. हातावर तेजाबाचे जुने डाग, बोलणं कमी. मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी वहीचं ते पान बघायला मागितलं. सोन्यानं दिलं. त्यांनी हिशेब वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "धावी हू दे. मग बघू." यातलं 'मग बघू' मला आवडलं नाही, पण त्या घरात एवढंही आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

सहा महिन्यांच्या तपासणीत उजवी बाजू जवळजवळ उतरलेली होती, डावी अजून आहे. पुढची तारीख दिलीय. गणितात तो पास झाला, विज्ञान काठावर. मुतारीतले आडोसे टिकलेत. शेजारच्या संडासांच्या दारांना मात्र आतून कड्या नाहीत, त्या जूनपर्यंत बसवतो असं हेडसरांनी सांगितलंय.